कलम सातवर हरकत नाही

यज्ञेश्वर टेंबे यांनी आयुष्यात एकच गोष्ट स्वतःची म्हणून घडवली, आणि ती आम्ही पंधरा दिवसांत मोडीत काढली.

एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत ते साहाय्यक होते. तीस वर्षे त्यांनी इतरांच्या प्रयोगांची उपकरणे मांडली आणि पुसून कपाटात ठेवली. निवृत्तीनंतर कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या सभागृहात दर रविवारी सकाळी ते मेजावरचा एक खेळ चालवू लागले. प्रत्येकाने योद्धा, चेटकीण असे एखादे पात्र घ्यायचे. टेंबे प्रसंग सांगणार, आणि पात्रांच्या साहसांचा निकाल फासे लावणार. मूळ इंग्रजी पुस्तकात जादूची कांडी मोहरा मोजून मिळे. टेंब्यांना ते रुचले नाही. "अहो, ही खरेदी झाली. त्यासाठी तुळशीबाग आहे," असे म्हणून त्यांनी कांडी घडवण्याची बारा कलमे स्वतः लिहिली.

लाकूड आपोआप पडलेल्या झाडाचेच हवे. कांडी जितक्या वेळा चालावी, तितके दिवस घडवणाऱ्या पात्राने मौन पाळावे. आणि कलम सात: जो मंत्र कांडीत भरून दुसऱ्याच्या हाती दिला, तो देणाऱ्याने पुन्हा कधीही वापरायचा नाही. या कलमामुळे आमच्या खेळाच्या मंडळातल्या हेमाने, शाळकरी वयात, आपल्या चेटकिणीचा अग्निमंत्र एका जखमी सोबत्याला कायमचा देऊन टाकला होता. त्या रविवारी मेजावर कोणी फासे उचलले नव्हते.

तीच हेमा आता हिंजवडीत नोकरी करते. नियमांची पुस्तिका छापायचे तिने मनावर घेतले.

"काका, सातवं कलम काढूया ना. नवीन लोकांना काही गमवायला आवडत नाही. फार निगेटिव्ह वाटतं."

"मग कांडी कशाला? काठी घ्या."

"टोमणे नकोत हं, काका."

"बरं. सूचना लावा फलकावर. रीतसर."

रीत त्यांचीच होती. बदलाची सूचना पंधरा दिवस फलकावर राहील. एक जरी लेखी हरकत आली, तरी बदल रद्द; नाही आली, तर सोळाव्या दिवशी दुपारी बारा वाजता लागू. मात्र ज्याने कलम लिहिले, त्याला हरकतीचा अधिकार नाही.

नवव्या दिवशी टेंबे मला फलकापाशी भेटले. मी पदपथांविषयी महापालिकेकडे एकोणीस अर्ज केलेला माणूस.

"वाचलंत?"

"वाचलं. शुद्ध मूर्खपणा आहे हा!"

"हं. कागद आहे ना घरी?"

"आहे की."

"मग झालं," म्हणून ते जिना चढून गेले. याहून अधिक बोलणे त्यांच्या नियमात बसत नव्हते.

मी लिहिले नाही. सुशिक्षितांच्या या मंडळात कोणीतरी लिहीलच, असे मी गृहीत धरले. सोळाव्या दिवशी, रविवारी, मंडळाचे चिटणीस अनंत यांनी वाचून दाखवले: "हरकती, निरंक." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमची येणार असं धरून आम्ही बसलो होतो. तक्रार म्हटली की तुम्ही!"

हेमाचा चेहरा उतरला. "मला वाटलं, कोणीतरी हरकत देईलच." मग घाईने म्हणाली, "काका, चला ना, सुरू करा."

टेंब्यांनी घड्याळ पाहिले. अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती.

"बदल बारा वाजता लागू होतो. तोवर कलम सात जिवंत आहे." त्यांनी फाशांची डबी हेमापुढे सरकवली. "हा खेळ मी तुमच्या हाती दिला. आता मी चालवायचा नाही."

"काका, हे कलम खेळातल्या पात्रांसाठी आहे!"

"असं कुठं लिहिलंय?"

बाराही कलमांत तसे कुठेच लिहिलेले नव्हते. ते खुर्ची जागेवर लावून निघून गेले.

त्याच दुपारी मी दोन पृष्ठांची मुद्देसूद हरकत लिहिली आणि अनंतांकडे दिली. संध्याकाळी ती परत आली. वर शेरा होता: "मुदतीनंतर प्राप्त." मी कागद घेऊन टेंब्यांच्या दारी गेलो. त्यांनी उंबऱ्यातच उभे राहून दोन्ही पृष्ठे वाचली.

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले, आणि कागद माझ्या हाती देऊन त्यांनी दार लावून घेतले.