औषध कोमट करून

आमच्या घरात साखर पोत्यानं येते. कारखान्याचे सभासद म्हटल्यावर सवलतीची साखर मिळतेच, आणि ती संपवणं हे आपलं कर्तव्य आहे अशी माझ्या सासरच्या मंडळींची प्रामाणिक समजूत आहे. चहा करायचा म्हणजे आधी पाक करायचा, मग रंग यावा म्हणून त्यात थोडी चहापूड टाकायची. बिनसाखरेचा चहा मागणारा माणूस एक तर आजारी, नाहीतर पुण्याचा. सांगलीजवळ कृष्णेच्या काठाला, दारापर्यंत ऊस आलेल्या अशा घरात मला मुलगी झाली, आणि तिला साखर पचेना.

उष्टावणाला तिला खिरीचं बोट चाटवलं आणि तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. गोड पोटात गेलं की पोट टम्म फुगायचं, पोर गुडघे पोटाशी घेऊन कळवळायची, आणि मग पाण्यासारखे जुलाब. उपाय सांगायला अख्खा गाव तयार. कुणी ओवा सांगितला, कुणी हिंगाचा लेप, कुणी जंतांचं औषध. दृष्ट तर इतक्यांदा काढली की मिरच्यांचा खर्च वेगळा धरावा लागला असता. साताऱ्याला दिलेल्या माझ्या नणंदबाईंनी मात्र मूळच शोधून काढलं. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नगा, पण तुमच्या आटपाडीच्या माणसांना ऊस सोसायचा कसा? पोट माहेराकडनं आलंय पोरीचं."

वाईट कशाला वाटेल? मी आटपाडीची, दुष्काळी, म्हणजे माझ्या आतड्यांतसुद्धा कुसळं असणार. कबूल.

पोर पाच वर्षांची झाली तरी तिचे हात काटक्यांसारखे. शेवटी सांगलीतल्या मुलांच्या पोटाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, की साखर फोडणारं जे एन्झाइम आतड्यात असतं ते हिच्यात जन्मापासून जवळजवळ नाहीच. मी मुद्दाम सासऱ्यांसमोर विचारलं, "हे कुणाकडनं आलं, डॉक्टर?" ते म्हणाले, "आई आणि वडील, दोघांकडून आलं तरच होतं." खरं सांगते, एवढ्या वाईट बातमीतसुद्धा मला बरं वाटलं. तो निरोप मी त्याच संध्याकाळी साताऱ्याला फोन करून पोचवला. फोन लवकर ठेवला गेला.

औषध होतं. तेच एन्झाइम, पातळ स्वरूपात, जेवणाबरोबर तोंडानं घ्यायचं. बाहेरच्या देशातून मागवावं लागायचं, म्हणून बाटली घरात आली तेव्हा तिला हळदीकुंकू लावायचंच काय ते बाकी ठेवलं. पहिला डोस दवाखान्यातच दिला, कारण एखाद्याला त्याची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. अंगावर पुरळ, ओठाला सूज, धाप, काही दिसतंय का म्हणून नर्सबाई बराच वेळ पोरीजवळ बसल्या होत्या. काही झालं नाही. मग डॉक्टरांनी समजावलं. डोस गार किंवा साध्या पाण्यात, नाहीतर गार दुधात कालवायचा. अर्धा पहिल्या घासाआधी, अर्धा जेवणाच्या मध्यात. फळांच्या रसात नाही. बाटली फ्रीजमध्ये, आणि उघडल्यावर चार आठवड्यांत उरली तरी टाकून द्यायची. औषधाला ऊब लावायची नाही, कालवायच्या आधी नाही आणि नंतरही नाही. भात-बटाट्यावर हे औषध काम करत नाही, तेव्हा ते बेतानंच. आणि शेवटी म्हणाले, "पुढच्या भेटीपर्यंत फरक दिसला नाही, वजन वाढलं नाही, तर हे बंद करू. मग जन्मभराचं पथ्य."

जन्मभराचं पथ्य! उसाच्या गावात! बारशाचा पेढा नाही, शाळेतल्या वाढदिवसाचं चॉकलेट नाही, गुऱ्हाळावर सगळी पोरं गरम गुळाला बोटं लावत असताना हिनं लांब उभं राहायचं. माझा जीव त्या बाटलीत अडकला होता.

माझी नोकरी कुपवाडला, एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात. सकाळी स्कूटीवरून निघायचं ते संध्याकाळी परत. नवरा पलटणीत, सुट्टीपुरता घरी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. राहिले सासरे. त्यांना मी मामा म्हणते. तेही फौजेतनं सुभेदार होऊन निवृत्त झालेले. ते म्हणाले, "औषध माझ्या ताब्यात. तू बघूच नगंस." आणि खरंच, काय ती शिस्त! पोरीला मागच्या पडवीत पाटावर बसवायचे, "सावधान!" म्हणायचे, अर्धा डोस. मग घास. मग हात वर करून "थांब!" आणि उरलेला अर्धा. मी चपात्या लाटता लाटता आतून ऐकायची आणि निवांत व्हायची. सरकारनं ज्याच्या हातात पलटण दिली त्याच्या हातात एक बाटली द्यायला काय हरकत आहे?

फरक पडला नाही.

पोरगी तशीच कळवळायची. मामा तिच्या पोटावर हात फिरवायचे आणि म्हणायचे, "रडायचं न्हाई. फौजी माणसं रडत्यात का?" ती ओठ दाबून धरायची. तेवढ्यात माझ्या आईला बरं नव्हतं म्हणून मी चार दिवस आटपाडीला गेले. बाटली बर्फाच्या डब्यात घालून नेली. आईच्या हातची गुळाची लापशी बघून मी धास्तावलेच होते, पण पोरीनं हट्ट केला, डोस दिला, थोडी खाल्ली. आणि काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. परत आलो, आणि पहिल्याच जेवणाला पोट फुगलं. मी चक्रावले. नणंदबाई फोनवर म्हणाल्या, "पाणी मानवलं आसंल बघा तिकडचं." म्हणजे पाच वर्षं ज्या आटपाडीनं पोरीचं वाटोळं केलं, तिचं पाणी आता एकदम तीर्थ झालं.

नंतरच्या रविवारी मी आंघोळीचं पाणी काढायला मागं गेले. बंबातनं काढलेल्या कढत पाण्याच्या पातेल्यात एक स्टीलची वाटी तरंगत होती. वाटीत दूध. मामा बाजूला उकिडवे बसून त्यात बोट बुडवून बघत होते.

"मामा, हे काय?"

"डोस हाय की. फ्रीजमधलं लय गार असतंय. कोमट करतुया."

"रोज करता?"

"मग? गारेगार पाजू व्हय पोरीला? छाती भरंल की तिची!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आवं मामा, डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं ना, ऊब लावायची नाही म्हणून?"

"सांगितलं की. ऊब लावू नगा म्हंजी उकळू नगा, एवढं कळतंय मला. ह्ये कोमट हाय. आन् डॉक्टरचं काय जातंय, त्येच्या लेकराला खोकला झाला तर त्यो सोता डॉक्टर हाय!"

आमच्याकडे लेकराला गार दूध पाजणारी बाई म्हणजे कैदाशीण. गार पाणी, गार दूध, गार फरशी, गार वारा, सगळे आजार तिथूनच येतात. सुभेदारसाहेबांनी डॉक्टरांचा सगळा हुकूम पाळला होता, फक्त एवढा एक आज्यानं दुरुस्त करून घेतला होता. आणि बाहेरच्या देशातून, बर्फातून, जिवापाड जपत आणलेलं औषध दिवसातून तीन वेळा बंबाच्या पाण्यात मरत होतं.

मी बोलले. नको ते बोलले. "नातीची छाती राखता राखता पोट मारलंत तुम्ही तिचं," असंही बोलले. त्यांनी वाटी उचलली आणि मोरीत ओतली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला वाईट वाटलं, पण माझा रागही गेला नव्हता. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, "बरं झालं सापडलं. आता गार देऊन बघा, मगच ठरवू."

दुसऱ्या दिवसापासून मामांनी डोस गार दुधातच दिला. दिला, पण पोरीच्या अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि गळ्याला मफलर बांधून. ऐन उन्हात.

हळूहळू जुलाब थांबले. पोटाची फुगी उतरली. डॉक्टरांच्या काट्यावर पोर जरा का होईना वाढली, आणि औषध सुरू राहिलं. नणंदबाई साताऱ्याहून आल्या, अर्थातच कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन. पोरगी बॉक्सकडे बघत राहिली. थोडंसं देऊन बघायला डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मामांनी स्वेटर चढवला, मग मी डोस दिला, अर्धा पेढा दिला, उरलेला डोस दिला. तिनं पेढा चाटून चाटून संपवला आणि कुणाशी न बोलता जाऊन कॉटवर पालथी पडली. पोटाखाली उशी घेतली.

मी धावत कॉटपाशी गेले. "काय झालं गं? दुखतंय?"

"अजून न्हाई. वाट बघतीया."

मामा चहाचा कप घेऊन तिच्याजवळ बसले. तिनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"आबा, तुमी रोज एवढा गोड च्या पिताय. आई पिती. आत्या पिती. तुमी कुणीच रडत न्हाई. मला बी शिकवा की तसं."

आम्हाला आधी कळलंच नाही ती काय म्हणते. कळलं तेव्हा नणंदबाईंनी पदर तोंडाला लावला. पोरीला वाटत होतं, गोड खाल्लं की सगळ्यांचंच असं दुखतं. सगळे सोसतात, हिलाच जमत नाही.

"न्हाई गं माझ्या बाई," मामा म्हणाले. "आमचं दुखतच न्हाई."

"कवाच न्हाई?"

"कवाच न्हाई."

तिचा विश्वास बसला नसावा. ती तशीच उशीवर पोट दाबून पडून राहिली, बराच वेळ, दुखायची वाट बघत. मग कंटाळली, उठली, स्वेटर काढून फेकला आणि अंगणात खेळायला पळाली. मामा कॉटवरच बसून राहिले, तोंडावर पंचा धरून, आणि त्यांचे खांदे हलत होते.