एकोणीस जांभळींवरचा शेरा

हे मी पत्नीलाही सांगितले नव्हते. ती आता नाही. तुम्हालाच प्रथम सांगतो आहे.

आम्ही बेने इस्रायल — कोकणातले मराठी ज्यू. दिल्लीत आमची घरे मोजकीच. मी आर. के. पुरमला राहिलो, आणि सरकारी नोकरीत झाडांच्या याद्या केल्या. वसाहत पाडायची ठरली की कोणते झाड ठेवायचे, हे माझ्या शेऱ्यावर ठरे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका वसाहतीत एकोणीस जांभळी निघाल्या. फळते झाड काढायचे तर वेगळा अहवाल, पुन्हा पाहणी. शिवाय आमचा धर्मग्रंथ, तोरा, सांगतो — वेढा घातलेल्या शत्रूच्या गावातलेही फळझाड तोडू नये. फळणे थांबलेले झाड मात्र तोडता येते. दोन्ही मला ठाऊक होते. जून होता, माझ्या बुटांचे तळवे जांभळे झाले होते. मी लिहिले — ‘वठलेली, फळ धरत नाही.’ कुणी दडपण आणले होते? कुणीही नाही.

एवढेच असते तर — कदाचित गप्पच राहिलो असतो.

दोन वर्षांनी, वसाहत रिकामी होऊन पत्र्यांआड गेल्यावर, झाडांच्या नववर्षाला, म्हणजे जानेवारीतल्या आमच्या सणाला, आम्ही मलिद्याच्या ताटाभोवती जमलो. दिल्लीचा हिवाळी धूर घरातही शिरला होता. माझी पुतणी रिव्का म्हणाली, उद्यापासून आळीपाळीने त्या जांभळींपाशी उभे राहू, फळझाड वाचवणे आपला धर्म आहे.

“कागदावर तर वठलेली लिहिलंय,” कुणीतरी म्हणाले.

“कागदाचं सोडा यार! कागदावर तर यमुनाही साफ आहे.” सगळे हसले. मग ती माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही पाहिलीत ना ती झाडं? सीधा सांगा. तुम्ही म्हणाल ते फायनल.”

शेरा माझाच होता, हे तिला माहीत नव्हते. जानेवारीत जांभळीला फळ नसते. खोटे पकडणार कोण?

“पाहिलीत,” मी म्हणालो. “फळत नाहीत. आज्ञा लागू नाही.”

“अच्छा,” ती म्हणाली, आणि तिने मला मलिदा वाढला.

कुणी गेले नाही. मार्चमध्ये तिथे सपाट जमीन होती. ते गेले असते तर झाडे वाचली असती? बहुधा नाही. पण ते उभे राहिले असते — ते मी होऊ दिले नाही.

आजही शब्बाथला, शनिवारच्या प्रार्थनेला, मला पुढे बसवतात. काय चालते, काय निषिद्ध, मलाच विचारतात. रिव्काची मुलगी दर आठवड्याला माझ्याकडे दहा आज्ञा शिकायला येते. नववी — खोटी साक्ष देऊ नकोस — मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतो. माझा आवाज कापत नाही.