फॅटवाले नाना आणि आईचे गुडघे

आज माझी आई स्वतःच्या पायांनी डेअरीत दूध घालायला जाते, ती फॅटवाल्या नानांमुळे. हे आधी लिहून टाकतो. काय झालं ते मागाहून सांगतो, कारण मला सांगताना फार फाटे फुटतात. शाळा नववीत सुटली. आता कच्छातल्या एका बंदरावर क्रेन चालवतो. लिहिण्याची सवय काय ती रजेच्या अर्जापुरती.

नाना आमचे शेजारी, महाळुंगे पडवळच्या दूध डेअरीत तीस वर्षं फॅट तपासायला होते. नोकरी संपली, तपासणं संपलं नाही. कुणाच्याही घरी चहाचा घोट घेतला की डोळे मिटून त्यातल्या दुधाची फॅट सांगणार, "तीन दोन." पुढाऱ्याचं भाषण संपलं की, "डिग्री बावीस. पानी लई." माझ्या साखरपुड्यात मामा माझं कौतुक करत होते, तेव्हा नाना भर मांडवात मुलीकडच्यांना म्हणाले, "पावणं, पोरगं चांगलं हाय, पन मामाच्या बोलन्यात जरा पानी हाय." लग्न झालं, हे नशीब.

त्यांचा अविश्वास माणसांवर नव्हता, यंत्रांवर होता. डेअरीतल्या यंत्राचा संशय आला की ते दोन बाटल्या भरायचे. एकीत म्हशीचं निखळ दूध, दुसरीत अर्धं पाणी घातलेलं. दोन्हींना सारखीच फॅट लागली, की यंत्र दुरुस्तीला. "यंत्र खोटं बोलत न्हाई म्हनत्यात," ते सांगायचे, "आरं, पन ते खरं बोलतंय का, हे कुनी ईचारलं?"

आईचे गुडघे गेले ते उकिडवं बसून गाईंच्या धारा काढण्यात. एक्स-रे बघून मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही बदलावे लागतील. आई समजली, पाय कापून दुसरे लावणार. "परक्याच्या पायानं मी चालायची न्हाई," असं म्हणून तिने अंथरूणच धरलं. इकडे माझी तिच्यापेक्षा वाईट अवस्था. वडील एकदा ऑपरेशनला आत गेले ते परत आलेच नव्हते. तेव्हापासून ऑपरेशन हा शब्द मी घरात कुणाला काढू देत नाही. मी रोज जेवायच्या सुट्टीत मोबाइलवर शोधायचो. 'ऑपरेशनशिवाय गुडघा', 'कूर्चा पुन्हा उगवा', असं काय काय. पुण्यातल्या एका चकाचक दवाखान्याची जाहिरात सापडली. तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं आणि त्यातला कामाचा भाग गुडघ्यात टोचायचा. कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, नव्याने येणार, गॅरंटी. मी लगेच आईचं नाव नोंदवलं आणि नानांना फोन केला, "नाना, तेवढं आईला घेऊन जाता का?"

नानांना रक्त फिरवण्याची गोष्ट फारच आवडली. "म्हंजी सेप्रेटरच की! दूध फिरवून साय काढत्यात, तसं."

फोनवर नानांच्या मागून आई ओरडली, "माझ्या रक्ताची साय काढनार व्हय?"

"वैनी, तुमच्या रक्ताला सात तरी फॅट लागंल. चला."

गेले. तिथल्या साहेबांनी एक्स-रे उजेडाला धरला न धरला, आणि सांगितलं, सहा इंजेक्शनं, गुडघा नव्यासारखा. आई खूश, मी खूश. नानांना मात्र संशय आला. पुढच्या आठवड्यात ते कुणाला न सांगता मंचरला गेले आणि स्वतःच्या ठणठणीत गुडघ्यांचा एक्स-रे काढून आले. हे गुडघे भीमाशंकरच्या पायऱ्या या वयातही वर्षातून दोनदा चढतात. तो एक्स-रे घेऊन ते एकटेच लंगडत त्या दवाखान्यात शिरले. आत जाताना डाव्या पायाने लंगडले आणि बाहेर येताना विसरून उजव्या पायाने. कुणाच्याही लक्षात आलं नाही. त्यांनाही सहाच इंजेक्शनं. त्यांचीही कूर्चा उगवणार.

"दत्त्या," फोनवर नाना म्हणाले, "दोनी बाटल्यांना सारखीच फॅट लागली. यंत्र बंद हाय."

मी चिडलो. खरं तर घाबरलो. "नाना, तुमी मधी पडू नका. ऑपरेशन नको म्हंजी नको!"

"मी कुठं कर म्हनतोय? आधी नीट तपासू तरी."

मग ते आईला नारायणगावच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी एक्स-रे अगदी जवळून पाहिला, आईला चालवलं, पाय वाकवून बघितले. मग म्हणाल्या, "डाव्यात अजून कूर्चा आहे. तिथे व्यायाम, वजन कमी करणं आणि वाटलं तर ते रक्ताचं इंजेक्शन करून बघू. दुखणं कमी होईल कदाचित, पण नवी कूर्चा उगवेल असं मी सांगणार नाही. उजव्यात मात्र हाडावर हाड घासतंय. तिथे इंजेक्शन म्हणजे वाळल्या चिपाडाला पाणी."

नानांनी विचारलं, "बाई, फॅट सगळ्यांना सारखीच लागती का?"

बाई हसल्या. "नाही हो. कुणाला लागते, कुणाला नाही."

"पास!" नाना आईला म्हणाले. हा शेरा बाईंना होता.

पुढचे तीन महिने आमच्या ओट्यावर रोज सकाळी तमाशा. आई भिंतीला टेकून पाय उचलणार, आणि तिला लाज वाटावी म्हणून समोर नानाही पाय उचलणार. आठव्या दिवशी आईचा पाय खाली आला आणि नानांचा वरच राहिला. कंबरेत लचक. शेजारच्या दोघांनी त्यांना तसंच उचलून घरी नेलं. आई पोट धरून हसली. ती हसली, हे मला फोनवर ऐकू आलं. किती दिवसांनी!

डाव्याला एक इंजेक्शनही झालं. दुखणं बरंच उतरलं. उजवा होता तसाच. मग आईच एके दिवशी म्हणाली, "नाना, डावा पास झाला. उजवा परत पाठवा." डॉक्टरीणबाईंनी तोवर तिला दाखवलं होतं की पाय कापत नाहीत, गुडघ्याच्या आत फक्त टोपणं बसवतात. पाय आपलाच राहतो.

ऑपरेशनच्या दिवशी जहाजं लागली होती, मला सुट्टी मिळाली नाही. क्रेनवर फोन चालत नाही. दुपारी खाली उतरलो आणि आधी नानांनी बोलून पाठवलेला मेसेज लावला. नानांचा आवाज आला, "दत्त्या, वैनी भाईर आल्या. शुद्धीवर हायेत. पयलं काय ईचारलं म्हाईताय? गाईला पानी पाजलं का म्हून. मी म्हनलं, पाजलं."

मी तिथेच बसून रडलो. मुकादम धावत आला, "क्या हुआ?"

"माँ का ऑपरेशन हो गया," मी म्हणालो, "गाय ठीक है।"

त्याने मला पाणी दिलं आणि गाईचं नाव विचारलं.

तिसऱ्या दिवशी मी पोचलो, तेव्हा आई वॉकर धरून व्हरांड्यात चालत होती आणि पुढे नाना उलटे चालत होते, म्हैस दावणीला आणतात तसे "हां, ये, ये" करत.

हल्ली आई सांगते, नाना रस्त्यात कुणालाही ओळखत नाहीत. परवा पाटलांच्या बैलाला रामराम घातला म्हणे. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितलाय. इतरांच्या दुखण्याला पुण्यापर्यंत जाणारा हा माणूस स्वतःच्या डोळ्याचं नाव काढलं की म्हणतो, "मला सगळं दिसतंय." फोनवर मी फार खोदलं तेव्हा हळूच म्हणाले, "आत एकट्याला नेत्यात रं."

नाना, तारीख तुम्ही सांगा. रजेचा अर्ज मी आजच लिहून ठेवलाय, फक्त तारखेची जागा मोकळी आहे. या वेळी कितीही जहाजं लागू देत. तुम्ही आत असेपर्यंत बाहेरच्या बाकावरून मी उठणार नाही. आणि तुम्ही बाहेर आलात की पट्टी सुटेपर्यंत तुमचा हात धरून मी पुढे उलटा चालेन.