दोन टाक्यांमधला जोड

वर्ल्ड कपसाठी स्टेडियमची कामं जोरात चालली होती, त्या दिवसांत दोह्यात प्लंबर मिळणं मुश्किल होतं. मी रास लफानच्या गॅस प्रकल्पात पाइपलाइनींचा इंजिनीअर, आणि माझ्याच घरात माशांच्या दोन टाक्या जोडणाऱ्या मनगटाएवढ्या पाइपाच्या जोडातून पाणी गळत होतं. त्यावर तीनदा सिलिकॉन थापून झालं होतं. शेवटी ऑफिसच्या ड्रायव्हरने सुट्टीच्या शुक्रवारी स्टेडियमवरचा एक प्लंबर आणून सोडला.

त्याने दारातच बूट काढले, मोजे त्यात नीट कोंबले. माझं सिलिकॉन त्याने नखाने खरवडून काढलं. मासे बादलीत काढले, पाणी उतरवलं, जोड खोलला आणि रबरी वायसर माझ्यासमोर धरला. मी तो बाहेर, नटाच्या बाजूला घातला होता. त्याने तो काचेच्या आतल्या अंगाला बसवला आणि नट नुसत्या हाताने आवळला.

पाणी भरून, मासे सोडून त्याने जोडाला टिश्यू गुंडाळला आणि समोर मांडी घालून बसला. अर्धा तास गेला.

"खलास ना, भाई?" मी हिंदीत विचारलं.

"साहेब, स्टेडियममध्ये आम्ही पाइप टाकतो, वर भिंत होते आणि कंपनीची बस आम्हाला दुसऱ्या साइटवर नेते," तोही हिंदीतच म्हणाला. "पाणी सोडतात तेव्हा आम्ही तिथे नसतो. आज बघून जातो."

एक मासा पाइपातून पलीकडे गेला. तो परत येईपर्यंत हा माणूस उठला नाही. मग त्याने टिश्यू सोडवला, कोरडा असल्याचं बोटांनी चाचपलं आणि घडी घालून खिशात ठेवला.