गावची मावशी

परीक्षेला पेशंट आपला आपण आणायचा, असा पालघरच्या त्या कॉलेजचा रिवाज होता. दात साफ करायला शिकणाऱ्या मुलींनी परीक्षकांसमोर खऱ्या माणसाच्या तोंडातलं कीटण काढून दाखवायचं. तेव्हा ज्याचं तोंड जितकं वाईट, तितका तो भाव खाणार. सफाळ्याच्या स्नेहलच्या घरी सगळ्यांचे दात लख्ख, त्यामुळे ती बिचारी रडकुंडीला आली होती. रुचिताला मात्र शोधायला लांब जायला नको होतं, तिच्या घरातच खाण होती.

तिची आई साखरबाई किनाऱ्यावरच्या गावातून टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात मासे विकायला जायची. तव्यावर तंबाखू जाळून केलेली मिशेरी ती लग्नाआधीपासून दातांना लावत आलेली. खालच्या दातांच्या मागे काळ्या कीटणाची भिंतच उभी राहिली होती. पण लेकीच्या शिक्षणाचं तिला भारी कौतुक. हात हलका व्हावा म्हणून रुचिता अंड्यावर नेलपॉलिश लावून, कवच न फोडता ते खरवडायचा सराव करायची. अंडी फुटली की साखरबाई मुकाट्याने त्यांची पोळी करायची. पुढे ती फुटेनाशी झाली, तेव्हा आता पोळी बंद झाली म्हणून साखरबाईच चेष्टा करायला लागली.

पेशंट चालेल की नाही, हे शिकवणाऱ्या बाई आधी बघून ठेवायच्या. त्यासाठी साखरबाई ठेवणीतलं लुगडं नेसून कॉलेजातल्या खुर्चीवर आडवी झाली. रुचिताने एक बोट शेजारच्या दातावर टेकवलं, बारीक सळई पेनासारखी धरली आणि हिरडीखालचं न दिसणारं कीटण नुसत्या स्पर्शाने हुडकून दाखवलं. बाई खूश झाल्या. त्यांनी सगळ्या वर्गाला बोलावलं आणि म्हणाल्या, बघून घ्या, इतकी घाण पुस्तकातसुद्धा मिळायची नाही. मुली वाकून वाकून बघू लागल्या. एकीने मास्क आणखी घट्ट केला. मग बाईंनी सहज विचारलं, ही तुझी कोण?

रुचिताचं बोट आईच्या तोंडात होतं.

"आमच्या गावची मावशी आहे," ती म्हणाली. "मासे विकते."

तोंड उघडं धरलेलं माणूस काय बोलणार? साखरबाई छताकडे बघत राहिली. घरी जातानाही तिने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिला ऐकूच गेलं नसेल, असं रुचिताने ठरवून टाकलं. सोयीचं असलं की माणसाला काहीही पटतं.

साखरबाईनेही मनाशी ठरवलं होतं. लेकीला लाज वाटली ती या घाणीची, मग घाण घेऊन तिच्या परीक्षेला कशाला जायचं? पाहुणा यायच्या आधी अंगण झाडतात, तेवढीच साधी गोष्ट. तिने मिशेरी सोडली, तलफेने डोकं ठणकलं तरी तिला हात लावला नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी टोपली रिकामी झाल्यावर ती बोईसरच्या रस्त्यावर बसणाऱ्या एका दातवाल्याकडे गेली. कारखान्यातले कामगार त्याच्याकडे जायचे. त्याने तारेने खरवडलं, वर कसलंसं जळजळीत पाणी चोळलं आणि आरसा पुढे धरला. "देखो मौसी, एकदम मोती," तो म्हणाला. घरी ती पदर तोंडाला लावूनच वावरली. आता खुर्चीवर बसूनच दाखवायचं होतं तिला.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी तिच्या तोंडात आरसा धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. दात पांढरेफटक झालेले, हिरड्या भाजून सोललेल्या, नुसतं बोट लागलं तरी रक्त येत होतं. काढायला कीटण नाही आणि हात लावायची सोय नाही. रुचिताला आधी काहीच कळेना, मग सगळंच कळलं. परीक्षक तिच्यावर भडकले, तूच काहीतरी लावलंस म्हणाले.

"तिचा काय दोष नाय," साखरबाई उठून बसली. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट फुटत नव्हते. "मीच साफ करून आले. जरा बरं दिसावं म्हणून."

"तुम्ही हिच्या कोण?"

रुचिताने तोंड उघडलं, पण आई तिच्याआधी बोलली.

"गावची हाय मी. मासे विकते."

खरं सांगायला रुचिताला कोणी अडवलं नव्हतं. तरी ती गप्प राहिली. त्या वर्षी ती नापास झाली, आणि झाली ते बरंच झालं असं तिला स्वतःलाही वाटलं.

पुढच्या खेपेला कोणा कामगाराच्या तोंडावर ती पास झाली. आता बोईसरच्या एका दवाखान्यात असते. हात इतका हलका, की पेशंट तिचं नाव विचारत येतात. साखरबाईने मिशेरी पुन्हा धरली आणि कीटणही परत आलं. मी साफ करून देते, ये, असं रुचिता किती वेळा म्हणाली. आई हसून टाळते, आणि हसताना तोंडाला पदर लावते. पूर्वी लावत नसे.

परवा मात्र साखरबाई दवाखान्यात आली, लेकीचा घरी राहिलेला डबा द्यायला. काउंटरवरच्या हेतलने विचारलं, कोण आलंय म्हणून सांगू?

"गावची मावशी आलती, म्हण."

आत रुचिताला ते स्पष्ट ऐकू आलं. पेशंटला तसाच सोडून ती हातमोज्यांसकट बाहेर धावली.

"ती माझी आई आहे," बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली.

हेतलने मान हलवली आणि डबा पुढे सरकवला. साखरबाई टोपली घेऊन केव्हाच बाजाराकडे वळली होती.