ओराकाऊच्या गढीत पाणी नव्हतं

"या देशाला इतिहासच नाही," असं अण्णा एका आठवड्यात तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा मी पोळी तव्यावर तशीच ठेवून त्यांच्याकडे वळले. पोळी करपली. त्या करपलेल्या पोळीतून ही सहल निघाली.

अण्णा म्हणजे माझे सासरे. पुण्यात आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर दर रविवारी आपल्यासारख्याच चार-पाच हट्टी म्हाताऱ्यांना घेऊन किल्ले चढतात. सासूबाई गेल्यावर ते एकटे पडले, म्हणून २००६ च्या डिसेंबरात आम्ही त्यांना न्यूझीलंडला, टाकानिनीच्या आमच्या घरी आणलं. तिकीट सहा महिन्यांनी परतीचं होतं, पण माझ्या मनात ते कायमचेच आले होते. माझा नवरा मंदार ईस्ट टामाकीला इंजिनियर आहे आणि घरात 'बघू या' म्हणायचं खातं त्याच्याकडे आहे. मी फार्मसिस्ट. मला गोष्टी मार्गी लागलेल्या आवडतात. अण्णांना इथे कायमचं ठेवायचं तर वेळेत अर्ज करायला हवा होता, आणि अण्णा हो म्हणत नव्हते. नाहीही म्हणत नव्हते. विषय काढला की ते खिडकीतून समोरच्या नव्या घरांकडे बघत बसायचे. सगळी घरं एकाच रंगाची, आणि दिवसा त्यांतल्या एकातही माणूस नाही.

इतिहास नाही म्हणता काय, म्हणून मी लायब्ररीतून न्यूझीलंडच्या युद्धांवरची जाडजूड पुस्तकं आणून त्यांच्यापुढे ठेवली. अण्णा डिक्शनरी मांडीवर घेऊन भिडले. थोड्याच दिवसांत मी कामावरून आले तर दारातच उभे. "केतकी, तुमच्या कोपऱ्यावरून जातो ना, तो ग्रेट साउथ रोड? तो फौज न्यायला बांधलेला आहे. तुम्ही रोज त्यावरून भाजी आणायला जाता आणि तुम्हाला पत्ता नाही." खरं सांगते, नव्हता.

पुस्तकात त्यांना एक माणूस भेटला होता. १८६३-६४ सालच्या वायकाटोच्या युद्धात सरकारी फौजेशी लढलेला एक माओरी सरदार. त्याचं नाव अण्णांच्या जिभेवर नीट बसेना, म्हणून ते त्याला 'सेनापती' म्हणू लागले आणि मग आमच्या घरात तेच नाव पडलं. इथेही तेच लिहिते. काही माओरी टोळ्या सरकारच्या बाजूने लढल्या होत्या, त्यामुळे हे गृहयुद्धच, असं अण्णांचं ठाम मत. मी मान डोलावली, कारण कित्येक महिन्यांनी त्यांना कशाबद्दल तरी ठाम मत होतं.

मंदारला सुट्टी मिळेना. मग मार्चमधल्या एका शनिवारी सून आणि सासरे असे दोघंच निघालो. माझा हेतू सरळ होता. या मातीत त्यांचा जीव रमला की 'हो' आपोआप येईल.

जाणाऱ्यांसाठी माहिती देते. टाकानिनीहून स्टेट हायवे वनने दक्षिणेला निघालं की थोड्या वेळात बॉम्बे नावाचं गाव लागतं. वसाहतकऱ्यांना घेऊन आलेल्या जहाजावरून पडलेलं नाव आहे, आपला काही संबंध नाही, तरी प्रत्येक मराठी माणूस पाटीबरोबर फोटो काढतो. अण्णांनी काढला नाही. पोकेनोला आइस्क्रीम खा, एका स्कूपच्या पैशांत दोन माणसांना पुरेल एवढं देतात. पुढे वायकाटो नदी रस्त्याला येऊन मिळते आणि बराच वेळ सोबत चालते. मग 'ते रापा' नावाच्या ठिकाणी दुधाच्या कारखान्याची वाफ दुरूनच दिसते. तिथे मोठ्या दुकानांच्या पार्किंगमध्ये आम्ही घरचा दहीभात खाल्ला. हॅमिल्टनमधून स्टेट हायवे थ्री धरला की 'ते आवामुतू' हे गाव, आणि त्याच्या जरा पुढे किहिकिही. रस्ता गुळगुळीत, दोन्ही बाजूंना गाई. शाकाहारी असाल तर डबा बरोबर ठेवा, वाटेत चिप्स आणि चीज टोस्टपलीकडे फारसं काही मिळत नाही.

वाटेत अण्णांनी मला अख्खी मोहीम शिकवली. सेनापतीच्या बाजूने पाटेरांगी नावाच्या ठिकाणी तटबंदी इतकी पक्की बांधली होती की फौजेने हल्ला करायचं धाडसच केलं नाही, अंधारात वळसा घालून पुढे निघून गेली. "म्हणजे किल्ला जिंकला आणि युद्ध हरलं," अण्णा म्हणाले. नंतर ओराकाऊला गढी बांधायचं ठरलं, तेव्हा सेनापतीने आधी नकार दिला होता. जागा उघड्यावर, वेढा पडायला सोपी, आणि आत पाणी नाही. पण दुरून मदतीला आलेल्या टोळ्या लढायचं तर इथेच म्हणून हटून बसल्या. शेवटी त्याने मान तुकवली आणि मान तुकवल्यावर जीव तोडून लढला. अण्णा कुठल्याही किल्ल्यावर पोचले की बुरूज, दरवाजा, देऊळ काही बघत नाहीत. पहिला प्रश्न एकच, पाण्याचं टाकं कुठे आहे? त्यामुळे सेनापतीचा हा नकार त्यांना फारच पटला होता.

किहिकिहीला रस्त्यालगतच सेनापतीचं स्मारक आहे. ज्या सरकारशी तो लढला त्याच सरकारने ते उभारलं, तेही त्याच्या हयातीत, आणि तिथेच त्याला पुरलं आहे. मी गाडी लावेपर्यंत अण्णा उतरून मागच्या सीटवरची पिशवी घेऊन पुढे गेले. मागून पोचले तर काय, त्यांनी चपला काढल्या होत्या, पिशवीतून नारळ, साखरेची पुडी आणि उदबत्ती काढली होती, आणि नारळ फोडायला दगड शोधत होते. नारळ पापाटोईटोईच्या भारतीय दुकानातून मंदारकडून गुपचूप मागवला होता. आपल्याकडे समाधीला गेलं की नारळ वाढवतात, त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

कडेला झाडांची वाळकी पानं गोळा करणारी एक माओरी बाई सरळ उभी राहिली. वय सत्तरीच्या आसपास, डोक्यावर पांढरी टोपी, पायात जांडल्स, म्हणजे रबरी सपाता. तिने आधी "किया ओरा" म्हणून नमस्कार केला, मग शांतपणे अण्णांच्या हातातल्या नारळाकडे बोट केलं. "इथे खाण्याचं काही आणत नाहीत. मेलेल्यांजवळ अन्न नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सॉरी सॉरी करत पिशवी ओढू लागले. अण्णा मात्र तिच्याकडे बघत राहिले आणि आपल्या शाळामास्तरी इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, आमच्यात मान द्यायचा तर अन्न ठेवतात. तुमच्यात मान द्यायचा तर काय करतात?"

तिला प्रश्न आवडला असावा. तिने हातातला झाडू ठेवला. तिला सगळे आंटी म्हणतात, आम्हीही म्हणावं, असं सांगितलं. मग समजावलं की अन्न गाडीत ठेवायचं, इथे उभं राहून मनात असेल ते बोलायचं, आणि बाहेर पडताना पाण्याने हात धुवायचे, म्हणजे इथलं आपल्याबरोबर घरी येत नाही. अण्णा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "स्मशानातून आल्यावर आपण काय करतो?" मग पुन्हा दगडाकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले. ओठ हलत होते. काय बोलले ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. निघताना आंटीने प्लास्टिकच्या बाटलीतून आमच्या हातांवर पाणी ओतलं.

ओराकाऊ तिथून जवळच आहे, अरापुनी रोडवर. आंटीचं घर त्याच बाजूला होतं, म्हणून ती आपल्या जुनाट यूटमधून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, पुढे निघाली आणि आम्ही मागे. आधीच सांगून ठेवते, बघण्यासारखं तिथे काही नाही. रस्त्याच्या कडेला एक दगडी स्मारक, तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे गाई. ज्या गढीपायी एवढी माणसं मेली तिच्या मधोमध रस्ता नेला आहे. मोठा दुधाचा टँकर आला की पायाखालची जमीन हलते. अण्णा रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दोनदा जाऊन आले आणि मग तोच प्रश्न विचारला, पाणी कुठून आणायचे?

आंटीने दूर खाली दलदल होती ती दिशा दाखवली. वेढा पडला आणि तिकडची वाट बंद झाली. आत बायका-मुलंही होती, तिची खापरपणजी त्यांतली एक. तहानेने घसे इतके सुकले की जवळ होतं ते अन्नही गिळवेना. शरण या, म्हणून निरोप आला. आले नाहीत. निदान बायकांना तरी बाहेर पाठवा, म्हणून आला. बायकाच म्हणाल्या, पुरुष मरणार असतील तर आम्हीही. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे एका घोळक्याने, भरदिवसा, गढीतून उठले आणि सैनिकांची रांग फोडून दलदलीच्या दिशेने निघाले. पुष्कळ मारले गेले. सेनापती वाचला. दलदलीपुढच्या नदीपलीकडे गेला आणि पुढे बरीच वर्षं त्या नदीच्या पलीकडे परवानगीशिवाय सरकारी माणसाला पाऊल टाकता आलं नाही. तह केला तोही उभं राहून, बोलणी करून.

"त्याला राग नाही आला?" अण्णांनी विचारलं. "जागा वाईट आहे हे तो आधीच म्हणाला होता."

आंटी म्हणाली, "ती माणसं दुरून त्याच्यासाठी आली होती. आपल्या माणसांना नाही म्हणणं तोफेपेक्षा कठीण असतं."

नंतर आंटीनेच नारळाची आठवण काढली. इथून निघाल्यावर एकत्र खाणं हे आमच्यात बसतं, म्हणाली. मग तिच्या घराच्या फाटकापाशी अण्णांनी यूटच्या मागच्या लोखंडी हुकावर नारळ फोडला, तिघांनी खोबरं-साखर खाल्ली आणि नारळाचं पाणी अण्णांनी पहिलं तिला दिलं. माझ्या सासऱ्यांना हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. जिंकले आपण, असं मी मनात म्हटलं. 'ते आवामुतू'च्या मोटेलमधून (दोन खोल्या, किटली, स्वच्छ, शंभर डॉलरच्या आत) मी मंदारला फोन करून सांगूनही टाकलं की अर्जाचं बघायला लाग.

दुसऱ्या दिवशी परतताना रांगिरिरीला थांबलो. इथेही लढाई झाली होती. कोपऱ्यावरच्या डेअरीतून (इथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) दोन कॉफी घेतल्या आणि नदीकाठी बसलो. वायकाटो तिथे चांगली रुंद आहे, काठोकाठ भरून वाहत होती. मी विषय काढला. अण्णा, आता तरी पटलं ना, इथे इतिहास आहे ते? मग अर्ज करू या?

अण्णांनी कप खाली ठेवला. "देश चांगला आहे, केतकी. तुम्ही दोघं तर फारच चांगली आहात. पण इथे मला पाणी नाही गं."

समोर एवढी नदी वाहत होती, आणि तरी ते काय म्हणताहेत हे मला लगेच कळलं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. मराठी मंडळ, गणपती, सीनियर लोकांचा शनिवारचा ग्रुप. बोलायला तोंड उघडलं आणि ओराकाऊची गढी आठवली. दुरून आलेल्या त्या टोळ्यांचंही सेनापतीवर प्रेमच होतं. मी अजून एकदा हट्ट धरला असता तर अण्णांनी मान तुकवली असती, हे मला पक्कं माहीत होतं. मग ते आमच्या त्या एकरंगी घरात दिवसभर खिडकीपाशी बसले असते आणि एका शब्दाने तक्रार केली नसती. मला रडू आलं. थोडा रागही आला, त्या सेनापतीचाच.

"तुमची जागा तुम्हीच निवडा, अण्णा," मी म्हटलं. "आम्ही हटून बसणार नाही."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. परतीच्या वाटेवर बॉम्बेच्या पाटीजवळ स्वतःच गाडी थांबवायला लावली आणि माझा फोटो काढला. फोटोत माझे डोळे सुजलेले आहेत.

जूनमध्ये अण्णा पुण्याला परत गेले. ओराकाऊला जा, असं मी भेटेल त्या प्रत्येकाला सांगते. एका दिवसात जाऊन येता येतं, तिकीट नाही, गर्दी नाही. खाणं गाडीत ठेवा आणि हात धुवायला पाण्याची बाटली बरोबर न्या. आमच्या गाडीत ती आता कायमची असते. ग्रेट साउथ रोडवर सिग्नलला थांबले की ती दिसते आणि या रस्त्याने कोण कोण कुठे गेलं ते आठवतं.

परवा अण्णांचा फोन आला. रविवारी किल्ल्यावर टाक्याच्या काठी बसून त्यांनी आपल्या मंडळींना सेनापतीची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. ऐकून एक गृहस्थ उठले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन दक्षिणेकडे सोडलं. मी विचारलं, आता पुन्हा कधी येणार?

"डिसेंबरात," अण्णा म्हणाले. "दोन महिने पुरेल एवढं पाणी बरोबर घेऊन येतो."