बाबांच्या कवितांना आईचं उत्तर

मंडळी, दुपारपासून मन ठिकाणावर नाही, तरी लिहितेय.

मध्यप्रदेश नवीन झाला तेव्हा बाबांचं ऑफिस ग्वाल्हेरहून भोपाळला गेलं. क्वार्टर मिळेना, म्हणून आई इथेच ग्वाल्हेरच्या लष्कर भागात सासरी राहिली. बाबा प्रत्येक पत्रात तिच्यासाठी एक कविता लिहायचे. तिला तेव्हा अक्षरओळख नव्हती. आजोबा पत्र वाचून दाखवायचे आणि ती सांगेल ते उत्तर लिहायचे. त्या उत्तरांत कवितांचं इतकं भरभरून कौतुक असे, की बाबा मला एकदा म्हणाले होते, "तुझ्या आईसारखा वाचक मिळायला भाग्य लागतं."

आईच्या नव्वदीला त्या कवितांची पुस्तिका नई सडकवरच्या छापखान्यात छापून घ्यायची, म्हणून आज तिला एक कविता वाचून दाखवली.

ती म्हणाली, "हे कोणी लिहिलंय?"

मी म्हटलं, बाबांनी, तुझ्यासाठी.

"मला कुठं मालूम? मामंजी खुशाली तेवढी वाचायचे. मी म्हणायची, सगळे बरे आहेत लिहा, बस."

म्हणजे कौतुक आजोबांचं होतं. सुनेला प्रेमाची कविता वाचून दाखवायची लाज, आणि मुलाची तोंडावर स्तुती करायची आमच्या घरी रीत नाही. म्हणून ती सुनेच्या नावानं केली. बाबा हे न कळताच गेले. आजोबांचा भयंकर राग आलाय, आणि रडूही येतंय. तुम्ही ती उत्तरं पुस्तिकेत छापली असती का?

आईनं ती कविता पुन्हा दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "शेवटची ओळ छान आहे. ह्यांना कळवायचं राहिलं."